पळतं घोडं घ्यायचंय? आधी पाय बघा, मग रंग! सोनई-नेवासा भागातल्या हौशी तरुणांसाठी खरेदीचा पूर्ण हिशोब

सोनई (ता. नेवासा) : सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा कायम ठेवला आणि जत्रांची मैदानं पुन्हा गजबजली. बैलांसोबत घोड्यांची हौसही परत आली. पुणे जिल्ह्यातल्या आणि आपल्याकडच्या पारनेर-संगमनेर पट्ट्यातल्या घाटात बैलांच्या पुढे घोडी पळते, ती बघून अनेकांना वाटतं, आपल्याही दावणीला असं एखादं जनावर असावं. त्यात मोबाईलवर परदेशातल्या ‘बॅरल रेस’चे व्हिडिओ फिरतात. तीन पिंपांभोवती गर्रकन वळणारं घोडं बघितलं की हात खिशाकडे जातो.

पण घोडं म्हणजे गाय-म्हैस नाही. म्हैस दूध कमी देते हे दोन दिवसांत कळतं. घोड्याची खोड कळायला दोन महिने जातात, तोवर विकणारा फोन उचलत नाही. म्हणून या लेखात सरळ सांगतोय : पळतं घोडं शक्यतो जवळपासचंच घ्या, ज्याचं मागचं-पुढचं गावाला माहीत आहे असं घ्या आणि सौदा करण्याआधी ते किमान तीनदा बघा. का आणि कसं, ते आता सविस्तर बघू.

आधी ठरवा, घोडं कशासाठी?

घोडेबाजारात उभं असलेलं प्रत्येक घोडं पळायचं नसतं. नवरदेवासाठीची घोडी वेगळी. ती बँडच्या आवाजाला न बुजणारी, दिसायला पांढरीशुभ्र, म्हणजे ज्याला नुकरा म्हणतात तशी लागते. नाचकामाचं घोडं वेगळं. त्याला पुढचे पाय उचलून ठेक्यावर थांबायला शिकवलेलं असतं. टांग्याचं घोडं वेगळं, ते दुलकी चालीत लांबवर जाणारं असतं. रेवाल चालीचं घोडं बसायला पाळण्यासारखं, पण ती चाल म्हणजे भरधाव पळणं नव्हे.

घाटात पळणाऱ्या घोडीला सरळ रेषेत काही सेकंद जीव तोडून पळायचं असतं. बॅरल रेसचं गणित याहून वेगळं. अमेरिकेत हा खेळ प्रामुख्याने महिलांनी वाढवला, १९४८ साली टेक्सासमध्ये त्यांची संघटनाही उभी राहिली. मैदानात तीन पिंपं त्रिकोणात मांडतात. आपल्याकडे डिझेलला वापरतात तसलीच, साधारण २०० लिटरची. पहिल्या दोन पिंपांत ९० फूट, त्या दोन्हींपासून तिसरं १०५ फूट, आणि सुरुवातीची रेघ पहिल्या पिंपांपासून ६० फूट मागे. स्वाराने तिन्ही पिंपांना वळसा घालून परत यायचं. पिंप पडलं की वेळेत ५ सेकंद वाढतात. या पूर्ण मापाच्या मैदानात चांगलं घोडं १७-१८ सेकंदांत सगळं उरकतं.

म्हणजे या खेळात नुसता वेग कामाचा नाही. पळायचं, दाबायचं, मागच्या पायांवर बसून वळायचं आणि लगेच परत सुटायचं, हे सगळं लागतं. तिकडे त्यासाठी ‘क्वार्टर हॉर्स’ जात वापरतात. पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटर अंतरात भल्याभल्यांना मागे टाकते म्हणून तिचं ते नाव. ती जात आपल्या बाजारात शोधत बसू नका. कुणी ‘क्वार्टर हॉर्सची पैदास आहे’ असं सांगून वरचे पैसे मागत असेल तर नोंदणीचा कागद मागा. कागद नसेल तर पुढे चला.

आपल्याकडे मिळतं काय?

आपल्या भागात फिरणारी घोडी बहुतेक काठियावाडी, मारवाडी, सिंधी किंवा त्यांची मिश्र पैदास असते. काठियावाडी आणि मारवाडी ओळखायच्या तर कान बघा. टोकं आत वळून एकमेकांकडे झुकलेली असतात. उंची बहुधा १४ ते १५ हातांच्या आसपास. घोड्याच्या मापात एक हात म्हणजे ४ इंच, आणि मोजायचं ते मान पाठीला मिळते तिथल्या उंचवट्यापर्यंत, डोक्यापर्यंत नाही. म्हणजे १४ हात म्हणजे ४ फूट ८ इंच.

भीमा खोऱ्यातलं भीमथडी घोडं तर आपलंच. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा जाते. मराठ्यांच्या फौजेत याच चिवट, आटोपशीर घोड्यांचा मोठा वाटा होता. अलीकडे भीमथडीची राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली. मेंढपाळांच्या कळपाबरोबर पाठीवर संसार घेऊन जाणारी लहानखुरी घोडी दिसतात, त्यातली बरीचशी याच रक्ताची. दिसायला साधी, पण पायाला पक्की आणि कमी खाण्यात भागवणारी. लहान चणीच्या स्वाराला पिंपांभोवती वळायचा सराव करायला असं घोडं वाईट नाही.

चौथा पर्याय रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्या घोड्यांचा. पुण्या-मुंबईत शर्यतीतून बाद झालेली थरोब्रेड घोडी बाहेर विकली जातात. अंगाने उंच, वेग भरपूर. पण घोडं कुठं पेंड खातंय ते आधी बघा. यातली कित्येक पायाच्या दुखण्यामुळेच बाद झालेली असतात, त्यांची कातडी पातळ, खाणं जास्त आणि डोकं गरम. नवख्या माणसाच्या हाताला ती झेपत नाहीत.

वजनाचा एक हिशोब सगळ्यांनी लक्षात ठेवा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असावं. घोड्याचं वजन काढायला काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५५ आणि लांबी १४५ असेल तर वजन येतं सुमारे २९३ किलो. अशा घोड्यावर खोगीरासकट ५८-६० किलोच चालतील. ८० किलोच्या गड्याने त्यावर बसून पिंपांभोवती वळसे मारले तर घोड्याची पाठ आणि पाय दोन्ही जाणार.

बाजार की गावातलं?

सोनईच्या शेजारचं घोडेगाव नावाने घोड्याचं, पण तिथला शुक्रवारचा बाजार म्हशींचा म्हणून प्रसिद्ध. घोडं बघायला आपल्या माणसाला पुढे जावं लागतं. सगळ्यात सोयीचा म्हणजे कोपरगावच्या पुढे येवल्याचा मंगळवारचा बाजार, तिथल्या घोड्यांच्या खरेदी-विक्रीची परंपरा फार जुनी आहे. मोठी उलाढाल बघायची तर नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातलं सारंगखेडा. तापीकाठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, देशभरातले घोडेवाले तिथे येतात. सोलापूर जिल्ह्यात अकलूजचा घोडेबाजार आहे, नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा आहे.

या जागा बघायला जरूर जा. शंभर घोडी एका दिवसात डोळ्याखालून गेली की नजर तयार होते, भावाचा अंदाज येतो. पण पहिलंच घोडं जत्रेतून घेणं जोखमीचं. तिथे घोडं सजवलेलं असतं, गर्दीत पळवून बघायला जागा नसते, शेजारी कोणतं आजारी जनावर बांधलं होतं ते कळत नाही. आणि जत्रा उठली की व्यापारी दुसऱ्या राज्यात.

गावातल्या किंवा शेजारच्या तालुक्यातल्या घोड्याचं तसं नसतं. ते कोणत्या घाटात पळालं, कधी लंगडलं, कुणाला पाडलं, हे दहा माणसांना माहीत असतं. मालकाला विचारायच्या आधी नालबंदाला विचारा. घोड्याच्या खुराची खरी कुंडली त्याच्याकडे असते. मग ज्या डॉक्टरांनी त्यावर उपचार केले त्यांना विचारा. तिसरं, जो पोरगा त्यावर बसून पळवतो त्याला विचारा. या तिघांचं बोलणं जुळलं तर पुढचं पाऊल टाका.

आणखी एक. विकायला काढलं का, हे स्पष्ट विचारा. ‘जागा नाही’, ‘पोरगा पुण्याला नोकरीला गेला’ ही कारणं खरी असू शकतात. गावात चौकशी केली की खरी की बनावट ते संध्याकाळपर्यंत कळतं.

तीनदा बघायचं म्हणजे काय?

पहिल्यांदा सांगून जा. दुसऱ्यांदा न सांगता, सकाळी लवकर जा. घोडं ठाणावरून नुकतं उठलेलं असताना, अंग थंड असताना बघा. सांध्याचं दुखणं असेल तर पहिल्या वीस पावलांत पाय आखडलेला दिसतो. घोडं आधीच फिरवून ‘गरम’ करून ठेवलं असेल तर हे लपतं. काही ठिकाणी दुखणं दाबायचं किंवा घोडं शांत ठेवायचं इंजेक्शन देऊन गिऱ्हाइकासमोर उभं करतात. आठ-दहा दिवसांच्या अंतराने अचानक गेलं की हा डाव उघडा पडतो.

तिसऱ्यांदा आपला डॉक्टर सोबत घेऊन जा. विकणाऱ्याने बोलावलेला नव्हे, आपला. घोडं घरी आणल्यावर डॉक्टर बोलावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

दात, पाय, श्वास

‘दादा, पाचच वर्षांची हाय, लेकराच्या हाताखाली चालती,’ असं प्रत्येक घोडीबद्दल ऐकायला मिळतं. वय तोंडातून बघायचं. समोरचे मधले दोन दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाच वर्षांचं घोडं पूर्ण दातांचं. पुढे खालच्या दातांवरचे काळे खड्डे झिजतात : मधल्यांचे सहाव्या वर्षी, शेजारच्यांचे सातव्या, कडेच्यांचे आठव्या वर्षाच्या सुमारास. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीजवळ एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती निम्म्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत येते. म्हातारं घोडं तरुण दाखवायला दात कोरून खोटे खड्डे करायची लबाडी जुनी आहे. म्हणून नुसते खड्डे बघू नका, दातांचा उतारही बघा. तरुण घोड्याचे वरचे-खालचे दात समोरासमोर उभे मिळतात, म्हाताऱ्याचे पुढे झुकतात.

पळायच्या कामाला पाच ते दहा वर्षांचं घोडं उत्तम. चार वर्षांच्या आतल्या शिंगरावर जोराचे वळसे मारू नका. त्याची हाडं अजून भरलेली नसतात. दोन वर्षांच्या वयात पळवून मोडलेलं घोडं पुढे आयुष्यभर लंगडतं.

पाय बघताना खालून वर या. खूर आधी. चारही खूर जोडीने सारख्या आकाराचे आहेत का, भिंतीला उभ्या-आडव्या भेगा आहेत का, तळाच्या मऊ त्रिकोणी भागाला कुजका वास येतो का. नंतर नडगीच्या मागून बोटं फिरवा. तिथली शीर दोरीसारखी ताठ, गार आणि सरळ लागली पाहिजे. कुठे फुगवटा, ऊब किंवा दाबल्यावर झटका जाणवला तर ती शीर आधी दुखावलेली आहे. वळसे मारणाऱ्या घोड्याचा सगळा ताण याच शिरेवर आणि मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावर येतो. तिथली सूज ‘जन्मापासून आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

मग दुलकीत पळवा. आधी कडक जमिनीवर, मग भुसभुशीत रानात. कडक जमिनीवर खुराचं दुखणं दिसतं, मऊ रानात शिरेचं. पुढचा पाय दुखत असेल तर त्यावर भार पडताना घोडं डोकं वर उचलतं. कासरा मोकळा सोडायला सांगा. धरणारा डोकं घट्ट आवळून पळवत असेल तर लंगडणं झाकलं जातं.

श्वास आणि नाडीचा हिशोब सोपा आहे. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६. चांगलं पळवून आणा आणि पंधरा मिनिटं हळू चालवा. नाडी साठच्या आत आली पाहिजे. श्वास तोवर भात्यासारखाच चालला असेल, किंवा पळताना घशातून घरघर येत असेल, तर ते घोडं पळायच्या कामाचं नाही.

डोळे दोन्ही तपासा. एका बाजूने हळूच हात हलवा, घोडं दखल घेतं का बघा. एका डोळ्याने अधू घोडं सरळ पळेल, पण एका बाजूला वळायला कां-कूं करेल.

वळून बघा, दोन्ही बाजूंनी

बॅरलच्या फेरीत तीन वळणं असतात. उजव्या पिंपापासून सुरुवात केली तर एक उजवं आणि दोन डावी, डाव्यापासून केली तर उलट. म्हणून घोडं दोन्ही हातांना वळलं पाहिजे. मोकळ्या रानात दोन पिंपं किंवा खताची भरलेली पोती ठेवा आणि आधी कदमाने, मग दुलकीने, शेवटी पळवत आठाचा आकडा काढा.

बघायचं ते हे : वळताना मागचे पाय पोटाखाली घेतं का? एकाच बाजूला डोकं फेकतं का? लगाम खेचला की तोंड उघडून आभाळाकडे बघतं का? तसं असेल तर तोंड आधीच खराब केलेलं आहे, काटेरी लगामाने ओढून ओढून. थांब म्हटल्यावर थांबतं का? पळणारी घोडी पुष्कळ, थांबणारी थोडी. नवख्या माणसासाठी थांबणारं घोडंच खरं.

पळून झाल्यावर उभं करा. पाच मिनिटं शांत उभं राहत नसेल, शेजारून मोटारसायकल गेली की उसळत असेल, तर ते घोडं जत्रेच्या गर्दीत न्यायचं नाही. मैदानाच्या कडेला लेकरंबाळं उभी असतात.

रंग आणि भोवरे यांचाही विषय काढू. देवमण आहे का, पंचकल्याण आहे का, अशुभ भोवरा कुठे आहे, यावरून आजही किमती हजारोंनी वर-खाली होतात. ज्याची श्रद्धा त्याने ती ठेवावी. पण भोवऱ्याने शीर मजबूत होत नाही. उलट, भोवऱ्यामुळे कुणी नाकारलेलं निरोगी घोडं तुम्हाला कमी पैशात मिळू शकतं.

ग्लँडर्सची तपासणी सोडू नका

घोड्याच्या खरेदीत सगळ्यात मोठा धोका ग्लँडर्सचा. नाकातून चिकट पिवळा स्राव, नाकात व्रण, अंगावर किंवा पायावर ओळीने उठणाऱ्या आणि फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणं. पण कित्येक घोडी वरून ठणठणीत दिसतात आणि रोग आत असतो. यावर लस नाही. रोग माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. जनावरांच्या साथरोगांच्या २००९ च्या कायद्यात हा रोग आहे. तपासणीत पक्का ठरला तर घोडं मारून खोल पुरावं लागतं. मिळणारी सरकारी भरपाई चांगल्या घोड्याच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

म्हणून सौद्याच्या वेळी फक्त विसार द्या. रक्ताचा नमुना पशुसंवर्धन विभागामार्फत तपासणीला पाठवा. देशात या कामाचं मुख्य ठिकाण हरियाणातलं हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. अहवाल चांगला आला की उरलेले पैसे आणि घोडं ताब्यात. विकणारा ‘एवढे दिवस कोण थांबतंय’ म्हणाला तर त्यातच उत्तर आलं. सोबत सर्रा या माश्यांमुळे पसरणाऱ्या रोगाचीही तपासणी करून घ्या. धनुर्वाताची लस झाली आहे का विचारा, नसेल तर आणल्यावर लगेच द्या. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, एका खिळ्याची जखम पुरते.

घरी आणलेलं घोडं पहिले दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळं बांधा. पाण्याचा हौद, तोबरा, खरारा सगळं वेगळं.

कागद आणि पैसे

रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला तरी शेवटी कागद करा. त्यात विकणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, घोड्याचा रंग, अंगावरच्या खुणा, वय, किंमत, तारीख आणि दोन साक्षीदार हवेत. ‘ग्लँडर्सचा अहवाल दोषी आला तर विसार परत’ ही ओळ त्यात आलीच पाहिजे. पैसे शक्यतो बँकेतून द्या. बाजारातून घेतलं तर बाजार समितीची पावती घ्या. मारवाडी किंवा काठियावाडी ‘नोंदणीची’ म्हणून विकत असतील तर मायक्रोचिपचा नंबर कागदाशी जुळवून बघा. गाडीतून आणताना डॉक्टरचा आरोग्य दाखला सोबत ठेवा, जनावरांच्या वाहतुकीच्या नियमांत तो लागतोच.

घेणं सोपं, ठेवणं अवघड

३०० ते ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण ६-७ किलो कोरडा चारा लागतो. वर्षाचा हिशोब केला तर सव्वादोन ते अडीच टन. वर खुराक, ३० लिटरच्या आसपास पाणी, दर सहा-सात आठवड्यांनी नालबंद, जंताचं औषध, आणि रोज किमान एक तास देणारा माणूस. हे सगळं लिहून काढा आणि मगच खिशात हात घाला.

सोनई परिसर उसाचा आणि दुधाचा, त्यामुळे दोन गोष्टी इथे विशेष सांगायच्या. पहिली, मुळा कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गोठ्यात वाढ्यांचा ढीग पडतो. गाईला चालतं म्हणून घोड्यापुढे तेच एकदम टाकू नका. घोड्याला उलटी होत नाही, त्याचं पोट फुगलं की जीवावर बेततं. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा बदला, आणि बुरशी लागलेला कडबा कधीच देऊ नका. दुसरी, गाईंची तयार पेंड घोड्याला देऊ नका. काही पशुखाद्यात आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते मानवतं, घोड्याच्या हृदयाला ते विष आहे, थोडंसंही पुरतं. घोड्याचा खुराक वेगळ्या पिंपात, वेगळ्या घमेल्यात ठेवा.

सरावाच्या जागेचंही तसंच. पूर्ण मापाची तीन पिंपं मांडायला पाऊण एकर तरी सपाट रान लागतं. आपली काळी जमीन ओली असली की घसरते आणि सुकली की भेगाळते. भेगेत खूर अडकला तर पाय मोडतो. त्यामुळे हलकी, भुसभुशीत, दगड वेचलेली जागा निवडा. डांबरी रस्त्यावर मोटारसायकलच्या मागे घोडं पळवण्याचे व्हिडिओ बघून तसं करू नका. दोन महिन्यांत खूर आणि सांधे संपतात, अपघात झाला तर माणूसही.

कायदा काय म्हणतो?

बैलगाडा शर्यतीचा कायदा बैलांपुरता आहे, आणि त्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्याच्या आडून घोड्यांचं मैदान कुणी लावत असेल तर परवानगीचा कागद बघितल्याशिवाय नाव नोंदवू नका. घोड्याला मारणं, ताकदीबाहेर पळवणं, लंगडत असताना कामाला लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

देशात घोडी झपाट्याने कमी होतायत. २०१९ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टं मिळून फक्त ३.४ लाख उरली, आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४५ टक्के घट. तरुणांची हौस ही या जनावरासाठी चांगलीच गोष्ट आहे. पण हौसेपायी चुकीचं घोडं दावणीला आलं तर सहा महिन्यांत ते दुसऱ्याच्या गळ्यात जातं, तिथून तिसऱ्याच्या, आणि शेवटी रस्त्यावर मोकाट सुटतं.

खिशात ठेवा ही यादी

• नालबंद, डॉक्टर आणि स्वार या तिघांना विचारलं का?
• न सांगता सकाळी जाऊन बघितलं का?
• दातांवरून वय स्वतः तपासलं का?
• नडगीमागची शीर, चारही खूर हाताने बघितले का?
• कडक आणि मऊ अशा दोन्ही जमिनीवर पळवलं का?
• डावीकडे आणि उजवीकडे सारखंच वळतं का? थांबतं का?
• तुमचं आणि खोगीराचं वजन त्याला पेलतं का?
• ग्लँडर्सचा अहवाल हातात आला का?
• कागद, साक्षीदार, पावती झाली का?
• वर्षाचा अडीच टन चारा आणि रोजचा एक तास आहे का?

दहापैकी एकाही प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या. घोडामैदान जवळच आहे, पुढच्या मंगळवारी येवल्याचा बाजार पुन्हा भरणारच आहे. आणि घोडं आणल्यावर ते अचानक लोळायला लागलं, पोटाकडे सारखं वळून बघू लागलं किंवा चारा सोडला, तर घरगुती काढे करत बसू नका. पोटशूळात एकेक तास मोलाचा असतो. लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.